अंदमानला नेलेली राख

अंदमानचं पाणी निळं आहे. मोबाइलवरच्या व्हिडिओत दिसतं तितकंच निळं, जास्त नाही आणि कमीही नाही. वाळू पांढरी आहे. नारळाचं पाणी आपल्याकडच्यासारखंच लागतं. ‘सर, अंदमानवर लिहा’ असा वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी आग्रह झाला तेव्हा एवढं मी पोस्टकार्डावर लिहून देऊ शकलो असतो. पण मला सांगायचं आहे ते बॅग भरण्याबद्दल. त्या भानगडीत मी एका जिवंत माणसाला मारलं, आणि ते पाच महिने गावापासून लपवून बसलो आहे.

मी पेणमधल्या एका शाळेत सव्वीस वर्षं भूगोल शिकवतो. आमची मुलगी मुक्ता पुण्याला नोकरी करते. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून तिने मला आणि नीताला ‘ट्रॉपिकल अ‍ॅडव्हेंचर’ नावाची सहल भेट दिली. सहलीआधी कंपनीकडून सामानाची यादी आली. एकेचाळीस वस्तू. घामाने न चिकटणारे, लवकर वाळणारे कपडे. चिखलात चालायचे बूट. दमट हवेसाठी पावडर. डासांसाठी मलम. जळवांपासून संरक्षण.

आता, ट्रॉपिकल म्हणजे उष्ण कटिबंध. कर्कवृत्ताच्या खाली पट्टी ठेवून ‘हे बघा, आपलं पेण इथे, म्हणजे आपण कुठे? उष्ण कटिबंधात!’ हे मी सव्वीस वर्षं ओरडून सांगत आलो. आणि मे महिन्यात पेणच्या बाजारपेठेत, पाठीला चिकटलेल्या शर्टात, नाकावरून ओघळणारा घाम पुशीत मी दुकानदाराला विचारत होतो, "दमट हवेत चालतील असे कपडे आहेत का?"

दुकानदाराने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सर, दुसरे ठेवतच नाही."

नीता म्हणाली, "अहो, आपण राहतो तसल्याच ठिकाणी जायचंय ना? मग रोजचे कपडे न्या की."

मी यादीवर बोट ठेवून म्हणालो, "इथे लिहिलंय." शिक्षकाचं हेच होतं. छापलेलं दिसलं की त्याचा अनुभवावरचा विश्वास उडतो.

हमरापूर

यादीत एकोणतिसावं होतं ‘नाजूक वस्तूंचे जलरोधक पॅकिंग’. पॅकिंग म्हटल्यावर पेणच्या माणसाला हमरापूर आठवतं. तिथे घरोघरी गणपती होतात. गौरी-गणपती लांब असतात, पण परदेशचे बाप्पा मे महिन्याआधीच बोटीने निघायला लागतात. माझा एक जुना विद्यार्थी, संदेश, तिथे मूर्ती खोक्यांत भरायचं काम करतो. त्याच्या कारखान्यात मी कॅमेरा, गॉगल आणि नीताची औषधं घेऊन गेलो. एका रांगेत पन्नासेक पांढरे बाप्पा डोळे उघडायची वाट बघत बसले होते.

संदेशने कॅमेरा हातात घेऊन हलवला. "सर, हे कुठं चाललं?"

"अंदमान."

तो हसायला लागला. "नववीत मला अंदमान नकाशात सापडला नव्हता. तुम्ही हातावर पट्टी मारलेली. आठवतं?"

मला आठवत नव्हतं. मारणाऱ्याला आठवत नाही, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळतंय. मी म्हणालो, "चुकलंच माझं."

"जाऊ द्या हो. आता माझा बाप्पा मॉरिशसला जातो. अंदमान मला अजून पन सापडत नाय." त्याने कॅमेऱ्याभोवती कागदाचे बोळे ठासले, वर प्लास्टिक गुंडाळलं. "एकच ध्यानात ठेवा. पोकळी ठेवायची नाय. आत हललं की फुटलं. बाहेरून कितीबी आपटा, काय व्हत नाय."

पैसे घेतले नाहीत. "पट्टीचे वळते केले," म्हणाला.

रोह्याकडे

यादीत पहिली वस्तू होती ‘मोठी, कडक कवचाची, चाकांची बॅग’. ती मी मुद्दाम शेवटी ठेवली होती.

आमच्या घराण्यात मोठी बॅग कुणी विकत घेत नाही. बॅग एकच आहे. माझे मेहुणे, म्हणजे आक्काचे यजमान, कुवेतला नोकरीला होते तिथून त्यांनी आणलेली. निळी, टणक, वर पांढऱ्या ऑइलपेंटने त्यांचं नाव आणि ‘रोहा’ लिहिलेलं. कुणीही लांब निघालं की ती बॅग न्यायची. नियम तीन. ज्याला हवी त्याने स्वतः जाऊन आणायची, तिथे जेवायचं, आणि परत देताना रिकामी द्यायची नाही.

अडचण बॅगेची नव्हती, माझी होती. आक्का माझी एकुलती एक मोठी बहीण. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. तिचं गाव रोह्याहून कोलाडकडे जाताना आत वळल्यावर. पेणपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. मेहुणे वारले त्याला सहा वर्षं झाली. तेराव्याला गेलो होतो, त्यानंतर मी तिच्या घरी गेलेलो नाही. भांडण नाही, काही नाही. फक्त ‘एकदा निवांत येतो’ असं म्हणत राहिलो. भाऊबीजेला भावाने बहिणीकडे जायचं असतं. आमच्याकडे बहीणच ताम्हन, निरांजन पिशवीत घालून एसटीने पेणला येते, मला ओवाळते आणि दुपारच्या गाडीने परत जाते. "तुझ्या सुट्टीत कशाला धावपळ," असं वर म्हणते.

महामार्गाबद्दल लिहीत नाही. ज्यांना साहस हवं त्यांनी तो रस्ता करावा, वेगळी सहल काढायची गरज नाही. कोलाडच्या फाट्याजवळ एका बसमधून मुंबईची मंडळी हेल्मेटं घालूनच उतरत होती. राफ्टिंगला आलेली. त्यांच्या पाठीवर माझ्या यादीतल्या बऱ्याच वस्तू दिसल्या.

आक्का ओटीवर सुपात तांदूळ पाखडत होती. मला बघून सूप थांबलं नाही.

"आलास?"

"सहज आलो गं. म्हटलं बरेच दिवस झाले..."

"बॅग आत हाय. वाल भरलेत तीत. जेव आधी, मग काढू."

मी चपला काढल्या. ती म्हणाली, "मुक्तानं फोन केलेला परवा. म्हनाली, आत्या, बाबा येतील आनि सहज आलो म्हनतील."

जेवायला वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी होती. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. अपराधी माणसाची भूक कमी होते म्हणतात, माझा अनुभव उलटा आहे.

बॅग आतल्या खोलीत पलंगाखाली होती. सहा वर्षांत कुणी मागितली नाही म्हणून आक्काने तिच्यात बियाण्याचे कडवे वाल भरले होते. चुलीतली राख चाळून घ्यायची, वाल आणि राख थरावर थर द्यायचे. मग भुंगा लागत नाही. पोत्यांना उंदीर कुरतडतात. कुवेतच्या बॅगेपुढे उंदीर हरले होते.

"आक्का, राहू दे. मी दुसरी बॅग बघतो."

"गप. तुझ्या भावोजींची बॅग विमानात बसायची हाय. वाल काय, आठ दिवस पोत्यात बसतील." आणि तिने मुठी भरभरून वाल काढायला सुरुवात केली. मी पोतं धरून उभा. राख उडत होती. पुढच्या वर्षीचं तिचं अख्खं शेत मी आठ दिवसांच्या मजेसाठी उंदरांच्या तोंडी देत होतो आणि पोतं मात्र नीट धरत होतो.

मग तिने यादी वाचून दाखवायला लावली. राफ्टिंगवाल्यांची गंमत तिला माहीत होतीच. "पैसे भरून पान्यात पडतात मेले. त्यांच्याकडं इहिरी नायत काय?" जळवांपाशी आल्यावर ती थांबली.

"जळवांना काय घेतलंस?"

"मलम आहे. बरंच महाग आहे."

ती उठली. पांढऱ्या फडक्यात चाळलेली राख बांधली, लाल दोऱ्याने तोंड आवळलं आणि पुरचुंडी बॅगेच्या आतल्या खिशात सरकवली. "जळू लागली की चिमूटभर टाक. सुटते. लावणीत आमी काय मलम घेऊन जातो?"

मी मान हलवली आणि घरी येईपर्यंत विसरलो.

विमानतळ

सामान यंत्रातून गेलं आणि आमची निळी बॅग बाजूला काढली गेली. एका अधिकाऱ्याने ती उघडायला लावली. संदेशच्या शिकवणीप्रमाणे आत तिळाएवढीही पोकळी नव्हती, त्यामुळे सगळं स्प्रिंगसारखं बाहेर आलं. शेवटी त्याने आतल्या खिशात हात घातला आणि पुरचुंडी बाहेर काढली. पांढरं फडकं. लाल दोरा. त्याने ती जराशी उघडून पाहिली. करडी, बारीक राख.

त्याचा आवाज एकदम खाली आला. "अस्थि?"

मागे माणसांची रांग. नीता पुढे गेलेली. विमानाची वेळ झालेली. खरं सांगायचं तर ‘नाही, चुलीतली राख आहे, जळवांसाठी’ असं हिंदीत सांगायला हवं होतं. बियाणं, भुंगा, बॅग, कुवेत, सगळंच. मी मान हलवली. होकारार्थी.

"किसकी?"

आयुष्यात मला एवढ्या लवकर उत्तर कधी सुचलं नाही. "बहन," मी म्हणालो.

वाचकहो, ‘मावशी’ म्हणता आलं असतं. मावशी खरोखरच गेलेली आहे.

त्याने पुरचुंडी पुन्हा यंत्रातून नेली, परत आणली आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. "सामान में नहीं रखते. गोद में ले जाइए." मला रांगेतून पुढे काढून देण्यात आलं. विमानात मी आक्काच्या चुलीची राख मांडीवर घेऊन बसलो. हवाईसुंदरीने मला न मागता कॉफी आणून दिली. नीताला मी कानात खरं सांगितलं. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "वन्सं मेल्या तुमच्या, आणि तुम्ही कॉफी पिताय," ती म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

जेट्टी

आमच्याच गटातल्या लीलाताई रांगेत माझ्या मागे होत्या, हे मला तिथे उतरल्यावर कळलं. पुण्याच्या निवृत्त मुख्याध्यापिका. दुसऱ्या दिवशी नाश्त्यापर्यंत अठरा माणसांच्या गटाला बातमी कळली होती. मी पोहे घेतले की माणसं एकमेकांकडे ‘सावरतायत’ अशा नजरेने बघत. मी दोनदा खरं सांगायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तिसऱ्या दिवशी पाण्याखालचे मासे दाखवायला बोटीने नेणार होते. जेट्टीवर लीलाताईंच्या हातात हॉटेलातली जास्वंदीची फुलं. "बोटवाल्याशी मी बोलले आहे. खोल पाण्यात पाच मिनिटं थांबेल. आपण सगळे शांत उभे राहू." सगळ्यांनी नारिंगी जॅकेटं घातली होती, कपाळावर पाण्याचे चष्मे होते आणि चेहरे गंभीर होते. मीही तसाच, हातात पुरचुंडी. तेवढ्यात माझा फोन वाजला. पडद्यावर नाव, ‘आक्का’.

आक्का रोज याच वेळी फोन करत होती, जेवलास का विचारायला. मी फोनकडे बघत राहिलो.

"घरचं आहे ना? द्या इकडे," लीलाताई म्हणाल्या. "अशा वेळी माणसाच्या तोंडून शब्द फुटत नाही." वारा होता म्हणून त्यांनी आवाज बाहेर ऐकू येईलसा केला. "नमस्कार. मी तुमच्या भावाबरोबर सहलीला आहे. फार वाईट झालं हो."

"काय झालं?" आक्काचा आवाज इतका घाबरलेला मी लहानपणी विहिरीत पडलो होतो तेव्हाच ऐकला होता. "परभाकर बरा हाय नं?"

"ते बरे आहेत. तुमच्या बहिणीबद्दल म्हणते मी. अस्थी आत्ता पाण्यात सोडायला निघालोय."

"आमची भयीन?"

"हो. अस्थी आहेत ना त्यांच्याकडे."

आम्ही दोघंच भावंडं. हे त्या फोनवर आणि त्या जेट्टीवर फक्त तिला, मला आणि नीताला माहीत होतं. नीता समुद्राकडे बघत होती.

"पांढऱ्या फडक्यात हायत काय? लाल दोरा?" आक्काने विचारलं.

"हो, तेच."

मग आक्का अगदी सावकाश म्हणाली, "लई चांगली व्हती हो. भाऊ कंदी फिरकायचा नाय तिच्याकडं. पन चांगली व्हती."

लीलाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. गटातले दोघे-तिघे माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले, आणि या साऱ्या सहलीत ती एकच नजर माझ्या हक्काची होती.

"त्याला सांगा, जेवून घे," आक्का म्हणाली आणि फोन ठेवला.

खोल पाण्यात बोट थांबली. मी राख सोडली. तिच्यातून वालाचे दोन दाणे निघाले, घटकाभर तरंगले आणि बुडाले. कुणीतरी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी जंगलातल्या वाटेवर मला तीन जळवा लागल्या. महागाचं मलम त्यांनी बहुधा चवीने खाल्लं. राख नव्हती.

पुन्हा रोह्याकडे

परत आल्यावर फोनवर आक्का त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही. हवा कशी होती, मासे कसले खाल्ले, नीता बरी आहे का. मी रोज ठरवायचो, आज बोलू. शेवटी बॅग परत करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. रिकामी द्यायची नाही म्हणून मी साडी, पेणचे पोह्याचे पापड आणि अंदमानहून आणलेलं करवंटीचं माकड भरलं.

आक्काने माकड हातात घेऊन फिरवलं. "परसात धा माड हायत. ह्याचं मी काय करू?" आणि ते देवळीत देवाशेजारी ठेवलं.

पोत्याला उंदरांनी दोन ठिकाणी भोकं पाडली होती. वाल बरेच कमी झाले होते. किती, ते तिने सांगितलं नाही. बॅग उघडून ठेवली आणि चाळण माझ्या हातात दिली. मी राख चाळायची, ती थर देणार.

"नीट भर. मधे जागा ठेवू नको. पोकळी दिसली की भुंगा शिरतो."

अर्धी बॅग होईपर्यंत मी नुसती राख चाळली. मग एका दमात सगळं सांगून टाकलं. अधिकारी, रांग, मान हलवली, बहीण म्हणालो, कॉफी प्यायलो. कॉफीसुद्धा सांगितली. "आक्का, मला माफ कर."

ती वाल पसरत राहिली. "खोटं मरन कळवलं की आयुष्य वाढतं म्हनतात. जित्या मान्साला कावळा शिवला की त्याचं कळवतात तसं. ठाव हाय नं?"

"हो."

"पन ज्याला कळवलं त्यानं रडायला लागतं. तवा ते लागू व्हतं. तू रडलास?"

"नाही."

"मंग माझं काय वाढलं नाय." तिने वरचा थर तळहाताने दाबून सारखा केला. "ती पुन्याची बाय रडली काय?"

"रडली."

"तिचं थोडं लागू व्हईल." मग ती हसली. तोंडावर पदर धरून, खांदे हलेपर्यंत हसली. मलाही हसू आलं, आणि मला वाटलं, सुटलो.

बॅगेचं झाकण लावायला तिला माझी मदत लागली. मी वर गुडघा रोवला, तिने कड्या दाबल्या. भावोजींच्या नावावरची राख पदराने पुसता पुसता ती म्हणाली, "एक मात्र झालं, परभाकर. मेलेल्या मान्साला भाऊबीजेला पेनला येता येत नाय."

मी तिच्याकडे बघितलं. ती हसत नव्हती.

"आता तुलाच यावं लागंल. आनि बॅग न्यायला नको येऊस. हात हलवत ये."

निघताना मी येतो म्हणालो. पण मी स्वतःला ओळखतो. सहा वर्षं मी हेच म्हणत होतो, आणि दिवाळीत पेपर तपासणं, पाहुणे, गाड्यांची गर्दी, काहीही निघतं. वाचनालयाचा अंक दिवाळीच्या आधी घरोघर जातो. म्हणून अंदमान बाजूला ठेवून हे सगळं लिहून दिलं आहे. भाऊबीजेच्या दिवशी पेणच्या बाजारात, शाळेच्या वाटेवर किंवा आमच्या गॅलरीत मी कुणाला दिसलो, तर त्याने मला तिथल्या तिथे हटकावं.